नक्षीचा प्रवास : विलायती किटली, अंबरनाथचे साचे आणि सिंधची झिलई

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे येतात. भांडी येतात ती उत्खननात सापडलेली खापरे म्हणून. म्हणजे हजार-दोन हजार वर्षे जुनी असली तरच. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या भांड्याकडे मात्र आपण साधन म्हणून पाहत नाही. ते मोडीत तरी जाते किंवा शोकेसमध्ये तरी बसते. या लेखात अशाच एका भांड्याचा, मेजावर चहा मुरवण्यासाठी इंग्लंडात होणाऱ्या मातीच्या किटलीचा, आणि विशेषतः तिच्यावरच्या नक्षीचा मागोवा घ्यायचा आहे. तो स्टॅफर्डशर परगण्यातील भट्ट्यांपासून सुरू होतो आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून अंबरनाथचे शिवमंदिर आणि उल्हासनगर इथपर्यंत येऊन पोचतो. वाटेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : नक्षी कोणाची? जिने ती प्रथम काढली त्या हाताची, जिने छापली त्या हाताची, की भांड्याच्या तळाशी ज्याचे नाव आहे त्याची?

माती, झिलई आणि कागद

कपबशी, बरणी, किटली या सगळ्यांना आपण सरसकट 'चिनी माती' म्हणतो. कारागिराच्या लेखी मात्र त्यांच्या जाती वेगळ्या. पोर्सेलीन फार मोठ्या आचेवर भाजलेले असते. ते कठीण असते आणि पातळ भांडे उजेडासमोर धरले तर प्रकाश आरपार झिरपतो. साधे मातीचे भांडे त्याहून कमी आचेवर भाजतात. त्यातून उजेड दिसत नाही आणि ते सच्छिद्र असते. वर काचेसारखी झिलई दिली नाही तर पाणी पाझरते. आपली किटली या दुसऱ्या जातीतली. चीनमधून येणारे पोर्सेलीन इंग्लंडात महाग होते, ते करण्याची कृतीही युरोपला दीर्घकाळ अज्ञात होती. तेव्हा स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी जवळच्याच मातीत गारगोटी भाजून केलेली पूड आणि दक्षिणेकडच्या परगण्यांतून आणलेली पांढरी माती मिसळून फिकट, सायीच्या रंगाचे भांडे सिद्ध केले. जोसाया वेजवुड याने १७५९ मध्ये स्वतःचा कारखाना काढला आणि राणी शार्लटने पसंती दिल्यावर या भांड्यांना 'क्वीन्स वेअर' हे नाव घेतले. कोळसा हाताशी होता. १७७७ मध्ये ट्रेंट-मर्सी कालवा पूर्ण झाला आणि फुटका माल होण्याची भीती कमी होऊन भांडी बंदरापर्यंत पाण्याने जाऊ लागली.

खरी क्रांती झाली ती नक्षीत. हाताने चितारलेल्या किटलीला वेळ लागतो आणि चितारी लागतो. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ मध्ये शपथेवर सांगितले की आम्ही दोघांनी सहा तासांत बाराशेहून अधिक लाद्या छापल्या. युक्ती अशी : तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात रंग भरायचा, त्याचा छाप पातळ कागदावर घ्यायचा आणि तो ओला छाप भांड्यावर दाबायचा. सुरुवातीला हा छाप झिलईवर घेत, त्यामुळे वापरात तो झिजे. १७८४ च्या सुमारास जोसाया स्पोड याने झिलईच्या खाली निळा छाप घेण्याची रीत पक्की बसवली. एकदा भाजलेल्या, अजून झिलई न दिलेल्या भांड्यावर कागद चिकटवायचा, तो घासून बसवायचा, मग पाण्याने धुऊन काढायचा. कागद जातो, रंग राहतो. मग रंगातले तेल जाळण्यासाठी हलकी आच, त्यानंतर झिलई आणि शेवटची भट्टी. निळाच रंग का, तर कोबाल्टचा निळा त्या आचेत टिकत असे. बरेचसे इतर रंग जळून जात.

किटलीवर ही कृती सर्वांत अवघड. ताटली सपाट असते. किटलीला पोट, तोटी, कान आणि झाकण. सपाट कागद गोल पोटावर बसवायचा तर तो कापावा लागतो, दुमडावा लागतो. म्हणून जुनी छापील किटली हाती आली तर प्रथम कानाखाली आणि तोटीच्या बुडाशी पाहावे. तिथे वेलबुट्टीचा सांधा जुळत नाही, एखादे झाड अर्धेच राहते, किनारीचे फूल दुसऱ्या फुलावर चढते. हा सांधा कागद कापणाऱ्या आणि चिकटवणाऱ्या हातांचा असतो, आणि स्टॅफर्डशरमध्ये हे हात बहुतांशी बायकामुलींचे होते. त्यांची नावे कुठल्याही भांड्यावर नाहीत. त्यांची सही म्हणायची तर तो न जुळलेला सांधाच.

किटलीवरचा हिंदुस्थान

छापायला चित्र हवे आणि ते दर वेळी नवे कुठून आणायचे? कारखानदारांनी चिनी भांड्यांवरची चित्रे उचलली, मोडली आणि पुन्हा जुळवली. विलो वृक्ष, पूल, त्यावरच्या तीन आकृती आणि वर उडणारे दोन पक्षी असलेला प्रसिद्ध 'विलो पॅटर्न' अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातच तयार झाला. त्याच्याशी जोडलेली विरही प्रेमिकांची 'चिनी दंतकथा' त्याहून नंतरची. ती एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातच रचली गेली. आधी नक्षी झाली आणि मग तिला शोभेल अशी परंपरा बेतली गेली.

हिंदुस्थानची पाळी लवकरच आली. टॉमस आणि विल्यम डॅनिएल हे चुलते-पुतणे १७८६ मध्ये कलकत्त्यास पोचले, पुढची काही वर्षे देशभर हिंडले, १७९३ मध्ये मुंबईसही आले. परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी 'ओरिएंटल सीनरी' हा १४४ चित्रांचा संच काढला. त्यातील मशिदी, मंदिरे, थडगी आणि घाट स्टॅफर्डशर आणि लिव्हरपूलच्या कारखान्यांनी सरळ तांब्याच्या पत्र्यावर उतरवले. जॉन रॉजर्सच्या कारखान्याने दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याजवळच्या भग्न इमारतीचे दृश्य निळ्या रंगात छापले. स्पोडने १८१५ च्या सुमारास शिकारीच्या दृश्यांची मालिकाच काढली. तिचे मूळ कॅप्टन टॉमस विल्यमसन यांच्या १८०७ च्या शिकारविषयक ग्रंथातील चित्रांत होते. पुष्कळदा एका चित्रातले मंदिर, दुसऱ्यातला हत्ती आणि तिसऱ्यातले झाड एकत्र जोडले जाई. अशी इमारत कोणत्याच गावी नव्हती, पण ती हजारो मेजांवर पोचली.

यावर इंग्लंडात तक्रार झाली ती चित्रांच्या प्रकाशकांच्या हक्काची. १८४२ च्या कायद्यानंतर प्रकाशित चित्रे भांड्यांवर उतरवणे कारखान्यांना कठीण झाले आणि काल्पनिक दृश्ये वाढली. त्याच वर्षापासून नोंदणीकृत नक्षीच्या भांड्यांवर चौकट तिरपी उभी केल्यासारखी एक खूण येऊ लागली. ती १८८३ पर्यंत चालली. चित्रकाराला, प्रकाशकाला, कारखानदाराला आपल्या नक्षीचा हक्क मिळाला. ज्या पाथरवटांनी, गवंड्यांनी ती मूळ इमारत घडवली त्यांचा विचार या व्यवस्थेत कुठेच नव्हता.

बर्स्लेमहून मुंबईला

१८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये तिथे दोन शिक्षक विलायतेहून आले : सजावटी चित्रकलेसाठी जॉन ग्रिफिथ्स आणि इमारतींवरच्या शिल्पकामासाठी जॉन लॉकवुड किपलिंग. किपलिंगचे शिक्षण स्टॅफर्डशरच्याच बर्स्लेम गावात झाले होते. पिंडर, बोर्न आणि कंपनीच्या कुंभारखान्यात त्यांनी उमेदवारी केली होती. त्याच परगण्यातील रुडयार्ड तलावाकाठी त्यांची भावी पत्नीशी भेट झाली आणि १८६५ च्या डिसेंबरात मुंबईत जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रुडयार्ड ठेवले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लेखकाचे नाव असे कुंभारांच्या मुलखातून आलेले आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे याच किपलिंग यांची. १८७५ मध्ये ते लाहोरला गेले.

याच शाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी हे गृहस्थ सुरुवातीच्या काळापासून काम करीत होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने टेरी सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यांच्या हातून दोन कामे झाली आणि दोन्ही आपल्या परिसराशी निगडित आहेत. पहिले काम अंबरनाथचे.

शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर वाचकांना परिचित आहे. काळ्या दगडाचे, भूमिज शैलीचे, पायऱ्या उतरून खाली जावे लागणाऱ्या गाभाऱ्याचे हे मंदिर बाहेरून एका बोटाचीही जागा कोरी सोडत नाही. १८६८ मध्ये सरकारच्या आदेशाने कलाशाळेची तुकडी टेरी यांच्या नेतृत्वाखाली येथे आली. तिने मंदिराची रेखाचित्रे काढली, छायाचित्रे घेतली आणि कोरीव कामाचे साचे घेतले. तोवर मुंबई-कल्याण लोहमार्ग पुढे वाढून १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरच्या शिवारातून खोपोलीपर्यंत पोचलेला होता. डॅनिएलांच्या काळी जे चित्र काढायला बैलगाडी, पालखी आणि महिनोन्महिने लागत, ते आता मुंबईहून दिवसभराच्या टप्प्यात आले होते.

साचा घेणे म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. कागदावरचा छाप जसा तांब्याच्या पत्र्यावरून नक्षी उचलतो तसा साचा दगडावरून उचलतो. नक्षी जागची हलते आणि तिच्या कितीही प्रती होऊ शकतात. मंदिरात ती एका देवकोष्ठाच्या वर, एका प्रदक्षिणेच्या वाटेवर, एका क्रमात असते. साच्यात ती 'नमुना' होते. वर्गात ठेवता येते, विद्यार्थ्याला गिरवायला देता येते. टेरींच्या तुकडीने जे केले त्यात वाईट हेतू नव्हता. उलट, झिजत चाललेल्या कामाची नोंद त्यामुळे झाली. तरीही अकराव्या शतकातल्या ज्या हातांनी ते कोरले त्यांची नावे जशी आपल्याला ठाऊक नाहीत, तशीच टेरींच्या हाताखाली उन्हात बसून साचे घेणाऱ्या बहुतेकांचीही नाहीत.

सिंधची झिलई, अजिंठ्याच्या आकृती

टेरींचे दुसरे काम कुंभारकामाचे. १८७० च्या दशकात त्यांच्या देखरेखीखाली कलाशाळेत झिलईदार भांड्यांचा विभाग उभा राहिला. मुंबईच्या स्थानिक कुंभारांचे काम उत्तम, पण ते माठ, पणत्या, कौले यांचे. रंगीत झिलईची परंपरा इथे नव्हती. ती होती सिंधमध्ये. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ पासून तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. १९३६ पर्यंत राहिला. हाला, ठठ्ठा, हैदराबाद येथील कारागीर मशिदी आणि दर्ग्यांसाठी निळ्या-पांढऱ्या, हिरव्या-पिवळ्या लाद्या करीत. ठठ्ठ्याची शाहजहानी मशीद, सतराव्या शतकाच्या मध्यावरची, हे या कामाचे ठळक उदाहरण. सिंधच्या कारागिरांना मुंबईत आणून टेरींनी त्यांची झिलई शाळेत रुजवली.

या कारागिरांची नक्षी उतरवण्याची पद्धत पाहिली की स्टॅफर्डशरशी तुलना सुचल्यावाचून राहत नाही. लाल मातीच्या भांड्यावर प्रथम पांढरा लेप देत. मग कागदावर नक्षी काढून तिच्या रेषांवर सुईने भोके पाडत. तो कागद भांड्यावर धरून वरून कोळशाची पूड झटकली की ठिपक्याठिपक्यांची रेष उमटे. आपल्याकडे रांगोळीसाठी टोचलेला कागद वापरतात, तेच तत्त्व. त्या ठिपक्यांवरून कारागीर कुंचला फिरवी. म्हणजे कागद इथेही होता. फरक एवढाच की स्टॅफर्डशरचा कागद अख्खे चित्र आणतो आणि हाताला फक्त चिकटवायचे काम उरते. हालाचा कागद केवळ वाट दाखवतो, रेषेची जाडी, वळण आणि रंगाचा दाब हातच ठरवतो.

याच सुमारास, १८७२ पासून १८८५ पर्यंत, ग्रिफिथ्स हे शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करीत होते. पुढे नामांकित झालेले पेस्तनजी बोमनजी या विद्यार्थ्यांत होते. रॉबर्ट गिल यांनी आधी केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्याही कित्येक नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. उरलेल्या सामग्रीवरून त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. पण त्याआधीच अजिंठा भांड्यांवर उतरला होता. छतांवरची कमळे, हंस, वेलबुट्टी, भिंतींवरच्या आकृती सिंधी झिलईखाली फुलदाण्यांवर आणि थाळ्यांवर आल्या. पुढे हे काम 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावानेही चालले. जागतिक प्रदर्शनांत ही भांडी गेली, साहेबलोकांनी विकत घेतली. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहता येतात.

आता वर्तुळ कसे पूर्ण होते पाहा. डॅनिएलांच्या काळात हिंदुस्थानची चित्रे विलायतेस गेली आणि किटल्यांवर बसून परत आली. साठ-सत्तर वर्षांनी मुंबईत बौद्ध भिंतीचित्रे, मुसलमान कुंभारांची झिलई आणि विलायती शिक्षकांची योजना एकाच भांड्यावर आली. विलायती किटलीपेक्षा ती निश्चितच अस्सल, कारण इथल्या हातांनी इथली नक्षी काढली होती. पण तळाशी खूण असे ती संस्थेची किंवा कारखान्याची. या बाबतीत मुंबईने स्टॅफर्डशरचाच कित्ता गिरवला.

कप ओसरीवर, बरणी स्वयंपाकघरात

ही भांडी मराठी घरांत का रुजली नाहीत, याचे एक उत्तर किमतीत आहे, दुसरे सोवळ्याओवळ्यात. धातूचे भांडे घासून शुद्ध होते, मातीचे विटाळले की टाकावे लागते, असा दंडक. झिलईदार मातीचे काय? व्यवहाराने गमतीदार उत्तर काढले. लोणच्याची चिनी मातीची बरणी सोवळ्यातल्या फडताळात जाऊन बसली, कारण तांब्या-पितळेत लोणचे कळकते. चहाची किटली आणि कप मात्र अनेक घरांत बाहेरच राहिले. या भांड्यातून कोणाच्या हातचे प्यावे हा प्रश्न किती पेटू शकतो हे १८९० मध्ये पुण्याने पाहिले. पंचहौद मिशनमधल्या व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी नावे प्रसिद्ध करवली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताच्या प्रश्नाने दोघांचाही पाठपुरावा केला. कर्मठ पुण्याच्या लेखी तो कप धर्म बुडवणारा होता. पुढे गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळा, पुष्कळदा कान तुटलेला कप बाहेर ठेवण्याची रीत दीर्घकाळ चालली. नक्षी सर्वांसाठी छापली गेली, पण कपाला ओठ लावण्याचा हक्क सर्वांना सारखा नव्हता.

तीन गावांच्या नकाशावर

१९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. एका प्रांताची माणसे अशी अंबरनाथच्या शेजारी आली. त्या प्रांताची झिलई मात्र सत्तर-पंचाहत्तर वर्षे आधीच मुंबईत येऊन गेली होती, आणि तिला आणणारा माणूस त्याआधी याच अंबरनाथमध्ये साचे घेत होता. इतिहासाच्या पुस्तकांत या गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात : मंदिर प्राचीन इतिहासात, कलाशाळा इंग्रजी अमदानीत, उल्हासनगर फाळणीत. नक्षीच्या अंगाने पाहिले तर ती एकाच खोऱ्यातली, एकमेकांना लागून असलेली प्रकरणे आहेत.

म्हणून या परिसरातल्या घरांत जुने झिलईदार भांडे असेल तर ते मोडीत देण्यापूर्वी एकदा नीट पाहावे. तळ पाहावा. तिरप्या चौकटीची खूण असेल तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली. १८८४ पासून तिच्या जागी नुसता नोंदणी क्रमांक येतो. 'इंग्लंड' हे देशाचे नाव असेल तर भांडे बहुधा १८९१ नंतरचे, कारण त्या वर्षीपासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. 'मेड इन इंग्लंड' ही अक्षरे साधारणपणे विसाव्या शतकातली. नक्षी छापील की हाताची हे भिंगातून कळते : छापात बारीक रेघा आणि ठिपके एकसारखे असतात, कुंचल्याची रेष जाड-बारीक होते. जुन्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून तडे गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत. आणि हे भांडे घरात कसे आले, हे सांगणारे वडीलधारे असतील तर ते आजच लिहून घ्यावे. ती माहिती तळावर छापलेली नसते.

अंबरनाथच्या मंदिराला लागून वाहणारी वालधुनी आज कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे, आणि दगडावरचे कोरीव काम ऊन, पाऊस व हवेतल्या आम्लाशी झगडते आहे. १८६८ च्या नोंदींचे मोल त्यामुळे वाढते. ज्या कोपऱ्याचा आज चेहरा उरलेला नाही, तो दीडशे वर्षांपूर्वी कसा होता हे सांगणारा पुरावा म्हणजे ती रेखाचित्रे, ती छायाचित्रे आणि ते साचे. प्रत मूळाची जागा घेऊ शकत नाही. मूळ झिजले तर मात्र तिच्याकडेच जावे लागते.

राहता राहिला सुरुवातीचा प्रश्न. किटलीच्या तळाशी कारखान्याचे नाव असते, मुंबईच्या फुलदाणीवर संस्थेचे, मंदिराच्या शिलालेखात राजाचे. बर्स्लेमची कागद कापणारी मुलगी, हालाचा कुंचला धरणारा कुंभार, अंबरनाथचा पाथरवट यांपैकी कोणाचेही नाव नाही. त्यांची ओळख पटते ती न जुळलेल्या सांध्यावरून, रेषेच्या दाबावरून, छिन्नीच्या घावावरून. ती वाचायला शिकणे हाच त्यांच्या हक्काची नोंद करण्याचा आपल्या हातातला मार्ग आहे.